उजेडाचा पत्ता विचारणाऱ्या बाई

शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या खांद्यावर उजेडाचा एक चौकोनी तुकडा येऊन बसला. मी बाजूला सरकले, तर तोही सरकला. हातातली फाईल पुढे केली, तर फाईलवर आला. वऱ्हांड्यात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात तळहाताएवढा आरसा. मागे वीसेक पोरं तोंडावर हात धरून हसत होती.

"हालू नका," बाई म्हणाल्या. "सांगा, हा कुठून आला?"

"आरशातून," मी म्हणाले.

"आरशात कुठून आला?"

"सूर्याकडून."

"आणि तुमच्या डोळ्यात?"

जूनचं ऊन, धारूरपासून जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी पिशवी घेऊन आलेले, आणि कागदपत्रं दाखवायच्या आधीच माझी परीक्षा चाललेली.

"फाईलवरून आला तुमच्या डोळ्यात. तेवढा एक मुक्काम सगळेच विसरत्यात." मग त्या पोरांकडे वळल्या. "लिहा रे पत्ता. सूर्य, आरसा, फाईल, मॅडमचा डोळा." एवढं झाल्यावर मला म्हणाल्या, "या. मी विज्ञानाची. तुमी कोणत्या विषयाच्या?"

मी मराठीची. पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं की या बाईंपासून चार हात लांब राहायचं. ते जमलं नाही. आम्ही दोघीही धारूरला राहायचो, जायला-यायला जीप एकच आणि जीपमध्ये बायकांची सीटही एकच.

त्यांना लोक विक्षिप्त म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला तो कोपरा उडालेला आरसा कायम असे, पण त्यात त्या स्वतःचं तोंड कधी बघत नसत. भांग रोज वेगळ्या दिशेला वाकडा. साडीला खडूचे हात. 'मला दिसतंय' हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "बाई, समोरची भिंत दिसतीय," की त्या म्हणायच्या, "नुसतं दिसतंय म्हणू नको. उजेड कुठून निघाला, कुठं आपटला, तुझ्याकडं कसा आला, पत्ता दे." पोरं पत्ता देत. मुख्याध्यापकांनी एकदा स्टाफरूममध्ये सहज म्हटलं, "पगाराचा काही उजेड दिसेना या महिन्यात." बाईंनी वहीतून मान वर केली आणि सर घाईघाईने बाहेर गेले.

वर्गात त्यांना पुस्तक उशिरा लागायचं. आधी चेंडू. सातवीचं पोर भिंतीपुढे उभं करायच्या. सरळ टाक, सरळ परत येतो. तिरका टाक, तिरका जातो. जेवढा तिरका गेला तेवढाच तिरका पलीकडे निघाला. तासभर पोरं भिंतीवर चेंडू मारत आणि शेजारच्या वर्गात मी कवितेचा अर्थ ओरडून सांगत असे. दुसऱ्या दिवशी अंगणात पांढरा कागद, कागदावर उभा आरसा आणि उन्हाच्या बाजूला केस विंचरायचा कंगवा. कंगव्याच्या दातांमधून उजेडाच्या रेघा कागदावरून सरकत जायच्या, आरशाला लागून वळायच्या. पोरं पेन्सिलीने त्या रेघा गिरवत. मग आरशाशी काटकोनात एक रेघ काढायची, आणि कोनमापक लावायचा. येणारी रेघ त्या मधल्या रेघेशी जेवढा कोन करते, तेवढाच जाणारी करते. एकाने चाळीस आणि चव्वेचाळीस मोजले.

"उजेड चुकला का तू चुकलास?" बाईंनी विचारलं.

"उजेड," पोरगं म्हणालं.

"मग त्याला परत बोलव आणि विचार."

पोराने परत मोजलं. चाळीस, एक्केचाळीस. "आता माझा हात हालला, बाई." बाईंना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. सगळं झाल्यावर मग पुस्तक उघडायचं. आपाती किरण, परावर्तित किरण, स्तंभिका, हे शब्द तोवर पोरांना ओळखीच्या माणसांसारखे झालेले असत.

गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. काही पोरं आजीजवळ राहत, काही आईबापांबरोबर जात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येऊन मागच्या बाकावर खालमानेने बसत. आम्ही बाकीचे त्यांना काय बुडालं ते सांगायचो. बाई विचारायच्या, "काय बघितलंस तिकडं?"

सहावीतली एक मुलगी होती, कुणाशी न बोलणारी. तिला असंच विचारलं, तर म्हणाली, "बाई, सकाळी उसात माणूस दिसत न्हाई, कोयता दिसतो."

"कसा?"

"घासलेला असला की चमकतो. एकदाच, झट्‌कन. बोथट असला की नुसता पांढरा वाटतो, चमकत न्हाई."

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. "ये. फळ्यावर काढ." आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलीने दोन कोयते काढले. एकावर सगळ्या रेघा एकाच दिशेला गेलेल्या, दुसऱ्यावर वाटेल तशा. बाईंनी मागून विचारलं, "दुसऱ्यात नियम मोडला का गं?" मुलीने विचार केला. "न्हाई. त्याला वरखडे हायत. परतेक वरखडा येगळीकडं तोंड करून बसलाय." सगळ्या पृष्ठभागांवर नियम एकच असतो, फक्त खडबडीत जागी उजेड विखुरतो आणि म्हणूनच भिंत, कागद, माणसाचं तोंड आपल्याला कुठूनही बघता येतं, हा धडा त्या वर्षी त्या मुलीने शिकवला. चार महिने शाळा बुडालेली पोरगी त्या तासानंतर मान वर करून घरी गेली. मी दारात उभी राहून बघत होते. मला माझ्या तासाची थोडी लाज वाटली.

गावाला मात्र आरशाचं खटकायचं. बाई विधवा होत्या. विधवा बाईने चारचौघांत पर्समधून आरसा काढायचा म्हणजे काय? एक म्हातारी मावशी शाळेत येऊन समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, तुमच्या भल्याचं सांगते. लोक नावं ठेवायलेत. ह्या वयात कशापायी बघता सारखं आरशात?"

बाईंनी आरसा तिच्या हातात दिला. "मावशी, उजवा हात वर करा. आता आतल्या मावशीनं कोणता केला?"

मावशीने बघितलं, आरसा उलटा करून मागे बघितलं, परत बघितलं. "डावा केला की मेलीनं!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण गावात बोलणं थांबलं नाही. संध्याकाळी जीपमध्ये मीच विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

त्या खिडकीतून घाटाकडे बघत होत्या. सीताफळांची झाडं, मधेच शेरडं. मग म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, तवा नणंदेनं कपाटाच्या आरशाला भिंतीकडं तोंड करून ठेवलतं. म्हणाली, आता तुला काय कामाचा. तेरा दिवस तसाच. चौदाव्या दिवशी मी तो सरळ केला. बाजूला उभी होते मी. आत बघितलं, तर त्यात मी न्हवतेच. खिडकी होती. खिडकीतला लिंब होता, त्याची पानं हालायलीत. कोनच तसा होता. आरशात आपणच दिसलं पायजे असं थोडंच हाय, मॅडम? त्या दिवशी लई बरं वाटलं मला. तवापासून जवळ ठेवते."

हे त्यांनी मला सांगितलं. आणि त्यानंतर महिन्याभरात मी जे केलं ते सांगणं भाग आहे.

शाळेपुढे रस्त्याला वळण आहे. आठवीतल्या एका पोराने मधल्या सुट्टीत आरशाचा झोत रस्त्यावर नेला आणि वळणावर आलेल्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर मारला. डोळ्यांवर उजेड कधीच टाकायचा नाही, हा बाईंचा पहिला नियम होता. पोरांकडून तो रोज म्हणून घेत. तरी पोरच ते. माणूस खडीवर घसरला, मनगट मोडलं. संध्याकाळी दहा-बारा जण शाळेत आले. पोराचं नाव कुणी विचारायच्या आत बाई पुढे झाल्या.

"आरसा मी दिला. पोराला बोलू नका. चूक माझी हाय."

त्या मोटारसायकलवाल्याला भेटायला त्या तीनदा त्याच्या घरी गेल्या. त्याचा राग लवकर गेला. गावाचा गेला नाही, कारण गावाला मनगटापेक्षा जुनी कारणं होती. गावाने शाळेकडे अर्ज दिला, त्यात बरंच काही आलं. बाई पोरांना उन्हात बसवतात, पुस्तक शिकवत नाहीत, वागणं शिक्षिकेला शोभत नाही. मुख्याध्यापकांनी सगळे आरसे, एकोणीस होते, लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं. एक कागद तयार केला. वर्गाबाहेर प्रयोग बंद, आरसे बंद, अर्जातल्या तक्रारींत तथ्य आढळतं. खाली सगळ्या शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या.

मी अजून कायम झाले नव्हते. सरांनी पेन पुढे केला. "सगळ्यांनी केलीय." 'वागणं शोभत नाही' या ओळीवर माझी नजर अडली. मला ती ओळ खोटी आहे हे माहीत होतं, तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त. मी सही केली.

कागद बाईंकडे गेला. त्यांनी सावकाश वाचला, सह्या एकेक करून बघितल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्षर छान हाय तुमचं." टोमणा नव्हता. तेच सहन होईना.

त्यानंतर त्या पुस्तक वाचून शिकवू लागल्या. पान नंबर सांगायच्या, वाचायच्या, प्रश्न लिहून द्यायच्या. शेजारच्या वर्गात आता मला ओरडावं लागत नव्हतं. जीपमध्ये त्या माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत, भाजी, उन्हाळा, जीपवाल्याचा खोकला. मी मात्र रोज काहीतरी बोलायचं ठरवून बसायची आणि धारूर यायचं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा होती. नऊच्या सुमाराला मधल्या आळीतून ओरडा ऐकू आला. तिथे दगडाने बांधलेला एक जुना आड होता. तोंड सहा-सात फुटांचं, खोली पन्नासच्या वर. गाळ काढायला भागवत नावाचा माणूस आत उतरला होता आणि बांधणीचे दगड ढासळले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा काठावर गर्दी होती आणि खालून त्याचा आवाज येत होता, "पाय... पाय दबलाय."

आत काळोख. आडाच्या पूर्वेला नवीन दोन मजली घर झालेलं, त्याची सावली दुपारपर्यंत आडावरून हलत नसे. लाईट गेलेली. मोबाईलच्या बॅटऱ्या लावून लोक वाकत होते, पण वीस फुटांखाली त्यांचा उपयोग नव्हता, शिवाय आत धूळ उडालेली. कुणी जेसीबी आणा म्हणत होतं. एक म्हातारा ओरडत होता, "आरं, जेसीबीनं हादरून सगळाच बसंल की!" भागवतचा चुलतभाऊ बाळू कमरेला दोर बांधत म्हणाला, "मी जातो, काखेत दोर घालतो, वढा मग सगळे."

"थांब," बाई म्हणाल्या. "काय दबलंय ते बघितल्याबिगर वढायचं न्हाई."

"दिसत न्हाई तर बघायचं काय, बाई?"

बाईंनी वर बघितलं. घराची सावली जिथे संपत होती तिथून आड दहा-बारा पावलं. आडावर कप्पीची लोखंडी चौकट. "सलूनमधला मोठा आरसा आणा. आणि एक कपाटाच्या दाराचा. पळा."

सलूनवाला एक शब्द न बोलता पळाला. आरसा भिंतीत स्क्रूने बसवलेला होता, त्याने लाकडी चौकटीसकट उपटून आणला. दुसरा त्याच हसऱ्या मावशीच्या घरून आला, सुनेच्या कपाटाचं दारच काढून. तो बाईंनी कप्पीच्या चौकटीला सुतळीने बांधला, तिरपा, बरोबर अर्ध्या काटकोनात. "आडवा आलेला उजेड ह्यानं सरळ खाली जाईल," त्या जवळच्या पोरांना म्हणाल्या. पोरांनी माना हलवल्या, त्यांना ते माहीत होतं. मग मला हाक मारली.

"मोठा तुमी धरा. उन्हात जा."

मी आणि सलूनवाला तो जड आरसा घेऊन उन्हात उभे राहिलो. उजेडाचा मोठा चौकोन आधी घराच्या भिंतीवर गेला, मग कुणाच्या पाठीवर, मग चौकटीवरच्या आरशावर येऊन टेकला. आणि बाईंच्या तोंडून निघालं, "हां! ठेवा तसाच!"

आडाच्या काठावरून गलका उठला. धुळीमुळे उजेडाचा खांब वरपासून तळापर्यंत उभा दिसत होता म्हणे. मी बघितला नाही. मी फक्त आरसा धरून होते.

बाळू अर्ध्यावर उतरून ओरडला, "बाई, बरं झालं वढलं न्हाई! पायावरच्या दगडावर दुसरा मोठा धोंडा टेकलाय, भागवतच्या डोक्याच्या वर. खालचा हालला असता की वरचा आला असता."

मग काम सुरू झालं. आधी लाकडी बल्ल्या सोडून धोंड्याला टेका दिला. मग एकेक दगड टोपलीत घालून वर. सूर्य सरकत होता, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी झोत घसरायचा आणि खालून आवाज यायचा, "गेला, गेला!" मी केसभर वळवायची. सलूनवाल्याच्या जागी मुख्याध्यापक सर येऊन उभे राहिले, पँटला माती लागलेली, घामाने चष्मा घसरलेला. मला कुणी सोडवायला आलं तर बाई तिकडून ओरडल्या, "तिला राहू द्या! तिचा हात बसलाय." आणि मग मला, "ए पोरी, हालू नको! थोडा वेळ, पोरी!"

तोवर त्या मला 'तुमी'च म्हणत आल्या होत्या.

दीड तासाने भागवत वर आला. डावा पाय गुडघ्याखाली चेंगरलेला, पण माणूस शुद्धीवर होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, त्यात एका पुढाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली गावकऱ्यांनी धाडस केल्याचं लिहिलं होतं. बाईंचं नाव नव्हतं. शाळेतलं कपाट मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडं होतं, कुलूप टेबलावर ठेवलेलं.

भागवतला वर काढलं त्या दिवशी परत जाताना जीपमध्ये माझ्या हातांना पर्सची चेन ओढवत नव्हती. मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

"काय?"

"ती सही."

"हां." त्यांनी घाटाकडे बघितलं. "लागलं मला ते. खोटं कशाला बोलू?" मग माझे दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले आणि पर्समधल्या बाटलीतलं तेल चोळत राहिल्या, धारूर येईपर्यंत.

आता त्यांची बदली गेवराईकडच्या एका शाळेत झाली आहे. तिथेही त्यांच्याविरुद्ध अर्ज गेले असतील, त्या काही बदलणाऱ्यातल्या नाहीत. फोन आला की पहिल्यांदा तिकडच्या पोरांचं सांगतात, मग माझं विचारतात. पण त्यांची आठवण आली की मला त्यांच्या आमच्या शाळेतल्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार आठवते.

भागवत काठी टेकत शाळेत आला होता. बाईंना भेटायचं म्हणाला. बाईंनी त्याला वर्गातच बोलावलं, खुर्ची दिली. पोरांना म्हणाल्या, "विचारा काय विचारायचं ते." पोरं आधी लाजली. मग त्या कोयत्यावाल्या मुलीने विचारलं, "काका, उजेड आला तवा पयल्यांदा काय दिसलं?"

मला वाटलं, तो म्हणेल वरची माणसं दिसली, नाहीतर बाळू. भागवतने काठी भिंतीला टेकवली.

"माझे हात दिसले," तो म्हणाला. "काळोखात किती येळ गेला ते कळत न्हवतं. पाय तर कळतच न्हवता. हाका मारायलतो, पण त्या मीच मारायलोय का दुसरं कोन, ते बी कळना. मग उजेड आला आन हे दोन हात दिसले. चिखलानं भरलेले." त्याने हात पुढे करून पोरांना दाखवले. "मंग म्हणलं, हाय. मी हाय अजून."

बाई आमच्याकडे पाठ करून फळ्याकडे वळल्या आणि डस्टर घेऊन फळा पुसू लागल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी त्या पुसत राहिल्या.